आम्हांला धीमी गाडी हवी

आर्वीच्या छोट्या गाडीवर एखादा हळुवार लेख लिहा, अशी सूचना मला एका स्नेह्यांनी केली होती. इंजिनाचा धूर, चालत्या डब्यातून उडी टाकून बोरे वेचणारी पोरे, त्यांना दम देणारा गार्ड, शेतातून पदर सावरत धावत येणारी आणि तरीही गाडी गाठणारी बाई, असे सगळे त्यात यावे. म्हणजे घरोघरी चकली-अनारशांबरोबर तो लेखही गोड लागेल, असे त्यांचे म्हणणे. सूचना प्रेमाची होती आणि तसा लेख लिहिणे मला जडही गेले नसते. पुलगाव ते आर्वी ही पस्तीस किलोमीटरची अरुंद रुळांची लाईन १९१७ साली झाली आणि १९९० च्या दशकात तिच्यावरची गाडी बंद पडली. तिचे अखेरचे दिवस मी लहानपणी पाहिलेले आहेत. माझ्या एका कादंबरीत ती येऊनही गेली आहे.

पण तो लेख मी लिहिणार नाही. आमच्या विदर्भातल्या लेखकांनी या छोट्या गाड्यांवर आजवर इतके अश्रू गाळले आहेत की तेवढ्या पाण्यावर वाफेचे एक इंजिन सहज चालले असते. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरच्या ‘शकुंतले’चे नाव काढले की लेखणीला पाझर फुटतो. तिची मालकी कोणाची, लंडनची की मुंबईची, यावर वर्तमानपत्रांनी पानेच्या पाने भरली. कोणी तिच्यावर कविता केल्या, कोणी रंगीत छायाचित्रे काढली. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच. गाडी चालू होती तेव्हा यांपैकी किती जणांनी तिचे तिकीट काढले होते? आणि सोरटा, विरूळ, रोहणा या गावांतल्या ज्या माणसांनी ते रोज काढले, त्यांना आज काय हवे आहे? त्यांना आठवण नको आहे. त्यांना वेळेवर दवाखान्यात, बाजारात आणि कॉलेजात पोचायचे आहे. गाडी ही आधी सोय असते. ती गेल्यावर मग तिची आठवण होते. आपण लिहिणारे लोक दुसऱ्या गोष्टीत इतके रमलो की पहिलीची मागणी करायची राहूनच गेली. म्हणून बंद पडलेल्या गाडीला मी येथेच नमस्कार करतो आणि चालू असलेल्या लाईनीकडे वळतो. माझे भांडण तिच्याशी आहे.

ती लाईन म्हणजे सेवाग्रामहून निघून वर्धा नदीच्या खोऱ्यातून बल्लारशाहकडे जाणारी, आणि तेथे नदी ओलांडून तेलंगणात शिरणारी. मुंबई-पुण्याच्या वाचकांनी ती झोपेत ओलांडलेली असते. दिल्लीहून चेन्नईकडे किंवा हैदराबादकडे जाणाऱ्या गाडीत रात्री कधीतरी जाग येते, काचेबाहेर एक पिवळी पाटी सर्रकन मागे जाते, तीवरची अक्षरे लागण्यापूर्वी अंधार होतो आणि प्रवासी कूस बदलतो. त्या पाट्यांवरची नावे मी सांगतो : भुगाव, सोनेगाव, हिंगणघाट, नागरी, चिकणी रोड, वरोरा, माजरी, भांदक, ताडाळी, चंद्रपूर. यांपैकी हिंगणघाट, वरोरा, चंद्रपूर ही शहरे आहेत, त्यांना बोलायला तोंड आहे. बाकीच्यांसाठी हा लेख.

मुळात ही लाईन माणसांसाठी झालीच नाही, हे पहिल्याने समजून घेतले पाहिजे. १८५३ पासून वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा वऱ्हाड कागदावर निजामाचा आणि कारभारात इंग्रजांचा होता; पूर्वेकडे भोसल्यांचे खालसा झालेले नागपूर. त्या सरहद्दीच्या नदीवर मुंबईहून आलेल्या जी. आय. पी. रेल्वेने पूल बांधला. पुलगाव हे गावाचे नावच त्या पुलावरून पडले. १८६७ साली गाडी नागपुरास पोचली. वर्धा जिल्हा १८६२ साली नागपुरातून वेगळा काढला गेला आणि वर्धा शहर १८६६ साली पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी आखून वसवले गेले. म्हणजे आमचा जिल्हा, त्याचे शहर आणि रेल्वे ही तिन्ही भावंडे पाच वर्षांच्या अंतरात जन्मलेली. आणि पाळण्याची दोरी कोणाच्या हातात होती? लँकेशायरच्या गिरणीवाल्यांच्या. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी माजली, तिकडचा कापूस थांबला, आणि साहेबाला एकाएकी हिंगणघाटच्या बनी कापसाची गोडी लागली. पुढे वरोऱ्याला कोळसा सापडला. तेव्हा सरकारने १८७० च्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाट आणि तेथून वरोरा असा फाटा काढला. त्याचे नाव होते ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’. नावात वर्धा आहे, कोळसा आहे, सरकार आहे, माणूस नाही.

पुढे तो फाटा बल्लारशाहपर्यंत गेला आणि तेथे थबकला, कारण नदीपलीकडे निजामाचे राज्य होते. निजामाच्या रेल्वेने काझीपेठहून आपली लाईन आणून ती १९२९ साली बल्लारशाहला भिडवली, आणि दिल्ली-मद्रास हा सरळ मार्ग झाला. त्याच वर्षी ग्रँड ट्रंक एक्सप्रेस सुरू झाली. पहिल्याने ती पेशावरहून निघून मंगळूरला जात असे. डोळ्यांसमोर आणून पाहा : एकच गाडी, अफगाणिस्तानच्या वेशीपासून अरबी समुद्रापर्यंत, आणि वाटेत आमचे हिंगणघाट! आज पेशावर परदेशात आहे. निजाम गेला, त्याचा राजुरा तालुका आज आमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात आहे, आणि राज्याची सरहद्द नदीवरून उठून विरूरच्या पुढे जाऊन बसली. त्या सरहद्दीपलीकडे २०१४ पर्यंत आंध्र होते, आता तेलंगण आहे. एवढ्या सरहद्दी हलल्या, एवढी राज्ये आली-गेली, पण या लाईनीची रीत काही बदलली नाही. खोऱ्यातून माल न्यायचा, खोऱ्यावरून प्रवासी न्यायचे, आणि खोऱ्यातल्या माणसाला म्हणायचे, बाजूला हो, गाडी येत आहे.

कोणी म्हणेल, मास्तर, हे इंग्रजांच्या काळचे झाले. मग आजचे ऐका. १६ सप्टेंबर २०२४ रोजी नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत सुरू झाली. नदीचे सबंध खोरे ती कापून जाते. सुरू झाली तेव्हा महाराष्ट्रात तिला थांबे होते सेवाग्राम, चंद्रपूर आणि बल्लारशाह. माझी तिच्याबद्दल तक्रार नाही, ती चांगली गाडी आहे. ज्याला चार-पाचशे किलोमीटर जायचे आहे त्याने वेगाने जावे. तक्रार ही की तिच्यासाठी, तिच्यासारख्या डझनावारी गाड्यांसाठी आणि त्यांच्या मागून येणाऱ्या कोळशाच्या रेकांसाठी जी वाट मोकळी ठेवायची, ती ठेवण्याकरिता प्रत्येक वेळी बाजूच्या रुळावर उभी राहते ती आमची पॅसेंजर. पुढचा सिग्नल लाल, मागून शिट्टी, धडधडत एक जाते, पाठोपाठ दुसरी जाते. आतले लोक शेंगा फोडीत बसतात. लहान स्टेशनांवर थांबणाऱ्या गाड्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या, आणि त्यांचीही ही गत.

मार्च २०२० मध्ये रोगाच्या साथीने सगळ्या गाड्या बंद झाल्या. ते समजण्यासारखे होते. परंतु पुन्हा सुरू होताना काय झाले? दूरच्या पॅसेंजर गाड्यांना एक्सप्रेस म्हणू लागले, जेथे माणसे कमी चढतात ते थांबे गाळले, आणि ज्या धीम्या गाड्या राहिल्या त्यांनाही एक्सप्रेसचे भाडे लावले. दहा रुपयांचे तिकीट तीस रुपयांना झाले. गाडी तीच, डबा तोच, बाकडे तेच. केवळ नाव बदलून तिप्पट पैसे! हा चमत्कार फेब्रुवारी २०२४ पर्यंत चालला, मग दहा रुपये पूर्ववत झाले. तोपर्यंत चार वर्षे होत आली होती. चार वर्षांत माणसाची सवय मोडते. ज्याने कर्ज काढून फटफटी घेतली त्याने घेतली, ज्याने जाणेच सोडले त्याने सोडले. आणि मग रजिस्टर उघडून सांगायचे की पाहा, या स्टेशनावर चढणारी माणसेच नाहीत! विहिरीवरचा दोर कापायचा आणि पाणी काढायला कोणी येत नाही म्हणून विहीर बुजवायची, यातला हा न्याय.

आता रेल्वेचा आमच्या गावांशी उरलेला नित्याचा संबंध म्हणजे फाटक. माझ्या शाळेत उशिरा आलेल्या पोराला विचारावे, तर तो वहीतले उत्तर म्हणावे तसे म्हणतो, “गुरुजी, फाटक पडलं होतं.” गाडी आम्हांला नेत नाही, थांबवते मात्र रोज. काही ठिकाणी फाटक काढून खालून बोगदा दिला आहे. पावसाळ्यात त्यात पाणी साचते, मग तेथे फाटकही नाही आणि वाटही नाही. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

गावातले एक म्हातारे शेतकरी रोज संध्याकाळी स्टेशनच्या बाकावर येऊन बसतात. हवा चांगली लागते म्हणून. ते एकदा मला म्हणाले, “गुरुजी, गाडी थांबत नाही तं हे ठेसन कायले ठेवलं? हे तं असं झालं, का मांडव हाय, वाजंत्री हाय, अन् नवरदेव गावावरून निंगून गेला!” मी कादंबऱ्या लिहितो, पण असे वाक्य मला सुचले नसते.

आमच्या शाळेतून दहावी होऊन गेलेल्या एका मुलीची गोष्ट सांगतो. तिचे नाव सांगत नाही, गावाचेही नाही. हुशार पोरगी. घरापासून स्टेशन दहा मिनिटांच्या चालीवर, आणि कॉलेज जिल्ह्याच्या गावी, पंचवीस-तीस किलोमीटरांवर. गाडीने गेली तर घरचा भाकरतुकडा खाऊन जाईल आणि दिवेलागणीला परत येईल. पण कॉलेजच्या वेळेला थांबणारी गाडी नाही. तेव्हा फाट्यापर्यंत दोन किलोमीटर पायी, तेथे एस. टी.ची वाट, ती आली तर भरलेली, नाहीतर काळीपिवळी जीप आणि तिच्यात एकावर एक अठरा माणसे. हिवाळ्यात परतायला अंधार. वयात आलेली पोर अंधारात फाट्यावरून चालत येते, ही गोष्ट कुठल्या आईच्या जिवाला स्वस्थ बसू देईल? बापाने तिला कॉलेजातून काढले नाही, एवढा तो शहाणा. त्याने तिला शहरात भाड्याने खोली पाहून दिली, आणि तिच्या वर्षाच्या भाड्यासाठी दावणीची एक म्हैस विकली. आता हे वाचकांनी नीट ऐकावे : घरून कॉलेजात जाणाऱ्या मुलीला पदवीपर्यंत रेल्वेचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास फुकट मिळतो! तसा रेल्वेचाच नियम आहे, आणि उत्तम नियम आहे. सरकारने मुलीला पास फुकट दिला. द्यायची राहिली ती गाडी.

या मागणीवर जे आक्षेप येतात ते मला पाठ झाले आहेत. त्यांत सर्वांत मानभावी आक्षेप रेल्वे स्वतः तिकिटाच्या कागदावर छापत आलेली आहे. प्रवाशाच्या प्रवासावर जो खर्च होतो त्यापैकी सरासरी ५७ टक्केच भाड्यातून वसूल होतात, आणि उरलेले ४३ टक्के देशाचा सामान्य नागरिक सोसतो, याची जाणीव आहे का, असे तेथे विचारलेले असे. मी मॅट्रिक झालेला मास्तर आहे, मोठे अर्थशास्त्र मला समजत नाही, पण त्रैराशिक मी मुलांना शिकवतो. हा तोटा भरून निघतो तो मालगाड्यांच्या भाड्यातून, हे रेल्वेच दरवर्षी सांगते. आणि मालगाडीत भरलेले असते काय? माजरीला, ताडाळीला, बल्लारशाहला जाऊन पाहावे. वर्धा खोऱ्यातला कोळसा! ज्याच्यासाठी शेते गेली, गावे उठली, विहिरी आटल्या आणि धुळीने तुरीची पाने काळी पडली, तो कोळसा. सिमेंट आमच्याच बाजूचे. म्हणजे रेल्वेचा नफा ज्या खोऱ्यातून निघतो त्याच खोऱ्यातल्या बाईला दहा रुपयांचे तिकीट देताना हात आखडायचा, आणि वर विचारायचे की तुझा भार सामान्य नागरिक उचलतो हे तुला ठाऊक आहे का! सोनेगावच्या फलाटावर टोपले घेऊन उभी असलेली ती बाई सामान्य नागरिक नाही, तर कोण आहे?

दुसरे म्हणतात, एस. टी. आहे ना. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे. आहे, आणि त्याने फार बायकांचे भले झाले. मी कृतघ्नपणे बोलणार नाही. पण एस. टी. सडकेने जाते आणि ही गावे रुळावर आहेत. शंभर वर्षांपूर्वी स्टेशन पाहून ज्यांनी घरे बांधली, त्यांना आता सडक पाहून घरे हलवा म्हणायचे काय? शिवाय एका गाडीत जेवढी माणसे मावतात तेवढ्यांना किती मोटारी लागतील, आणि आजारी माणूस त्यांत कसा आडवा करतील? सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीकडून आणि थेट सरहद्दीपलीकडच्या आदिलाबादकडूनही रोगी येतात. पोटाला टाके घातलेल्या बाईला जीपच्या मागच्या फळीवर बसवून आणलेले ज्याने पाहिले आहे, तो मला एस. टी.चे नाव सांगणार नाही.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे, आणि त्याला मी मान देतो. रेल्वेतले जाणते लोक सांगतात की हजार किलोमीटर जाणारी एक जड गाडी लहान स्टेशनावर थांबवली, तर तिचे मिनिट-दोन मिनिटे जात नाहीत. वेग कमी करणे, थांबणे, पुन्हा वेग घेणे यात त्याच्या कित्येक पटीने वेळ जातो, आणि तिच्या मागे असलेल्या सगळ्या गाड्या रखडतात. लाईनीवर आधीच दाटी. अगदी बरोबर. म्हणूनच माझे आमच्या पुढाऱ्यांशी भांडण आहे. त्यांनी थांब्याचे एक राजकारण करून ठेवले आहे. निवडणूक आली की दिल्लीला जायचे, कुठल्यातरी दूरच्या एक्सप्रेसला आपल्या तालुक्याच्या गावी थांबा मागून आणायचा, मग त्या दिवशी ढोलताशे, ड्रायव्हरच्या गळ्यात हार, हिरवी झेंडी, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात हात हलवीत असलेला फोटो. ती गाडी येते रात्री अडीचला. तिच्यात जागा नसते. आमच्या भुगावच्या मजुराला आणि नागरीच्या विद्यार्थ्याला तिचा काडीचा उपयोग नाही. एक्सप्रेस मात्र प्रत्येक तालुक्याला थांबत थांबत ना धड एक्सप्रेस राहते, ना पॅसेंजर होते. एक्सप्रेस थांबवू नका, असे मीच म्हणतो. जाऊ द्या तिला. आम्हांला आमची गाडी द्या.

ती देणे आजवर कठीण होते, कारण रूळ दोनच होते. पण आता तसे म्हणायची सोय राहिलेली नाही. सेवाग्राम-बल्लारशाह तिसरी लाईन टप्प्याटप्प्याने होत आहे, आणि मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने वर्धा-बल्लारशाह चौथ्या लाईनीलाही मंजुरी दिली, १३५ किलोमीटरची. पाठोपाठ ऑक्टोबरात वर्धा-भुसावळ तिसरी आणि चौथी लाईन मंजूर झाली, ३१४ किलोमीटर. हे लहान काम नव्हे. १८६७ नंतर आमच्या जिल्ह्यात रुळांचे एवढे मोठे काम झाले नसेल. पण ते कशासाठी, याचे सरकारी पत्रक वाचले तर पुन्हा तेच शब्द : कोळसा, सिमेंट, मालवाहतुकीची क्षमता. आणि खाली एक ओळ अशीही असते की शेकडो गावांशी संपर्क वाढेल. संपर्क! ज्या गावाच्या शिवारातली काळी कसदार जमीन रुळासाठी गेली, त्या गावाचा रुळाशी संपर्क आलाच की. गाडी तेथे थांबणार आहे काय, एवढेच कोणी सांगत नाही.

मुंबईच्या वाचकांना मी काय मागतो आहे ते लगेच कळेल. दादरला चार रूळ आहेत. दोनांवरून जलद गाड्या जातात आणि दोनांवरून धीम्या. धीमी गाडी माटुंग्याला थांबते, शीवला थांबते, तिला कोणी मागासलेली म्हणत नाही. उलट ती एक तास बंद पडली तर विधानसभेत प्रश्न येतो. जलद गाडी जलद जाऊ शकते, याचे कारणच धीमी गाडी प्रत्येक स्टेशनावरची माणसे उचलते. ही व्यवस्था मुंबईला शोभते, मग वर्धा खोऱ्याला का शोभू नये? आम्ही दर चार मिनिटांनी गाडी मागत नाही. चार रुळांतून दिवसाच्या ठराविक वेळी आमच्या धीम्या गाडीला हक्काची वाट द्या, एवढेच म्हणतो. आता मेमू गाड्या आहेत, त्या चटकन वेग घेतात आणि चटकन थांबतात. जड इंजिनाची सबबही उरली नाही.

याउलट शोभेची कामे किती झटपट होतात! २०२३ साली वर्धा, सेवाग्राम, पुलगाव, हिंगणघाट ही स्टेशने अमृत भारत योजनेत घेतली. दर्शनी भिंती, कमानी, बगीचे, दिवे. सुंदर असावे, माझा विरोध नाही. दिवाळीला आपणही घर रंगवतो. पण घर रंगवून पाहुण्याला दारातून परत पाठवत नाही. ज्या जिल्ह्यात १४ जुलै १९४२ रोजी ‘भारत छोडो’चा ठराव काँग्रेस कार्यकारिणीने केला, आणि ज्या गांधींनी तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांच्या हालांवर १९१७ सालीच लिहिले होते ते जेथे येऊन राहिले, त्या जिल्ह्याच्या स्टेशनांवर गांधींचे चित्र हमखास रंगवलेले असते. चित्र पाहावे आणि मग मेलला लागलेल्या जनरल डब्याच्या दारात लोंबकळणारी माणसे पाहावी.

एक बरे उदाहरण आहे तेही सांगतो, नाहीतर मला केवळ रडगाणे गाता येते असे व्हायचे. वर्धा-यवतमाळ-नांदेड या २८४ किलोमीटरच्या नव्या लाईनीचा वर्धा ते कळंब हा सुमारे ३९ किलोमीटरचा पहिला तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. देवळीला आणि भिडीला स्टेशन झाले, आणि गाडी वर्धा नदी ओलांडून यवतमाळ जिल्ह्यात जाऊ लागली. ज्या देवळीने कधी रूळ पाहिला नव्हता तेथे लोक गाडी पाहायला पोराबाळांसह गेले. ते होणे कठीण होते, तरी झाले. मग भुगाव-सोनेगावला स्टेशन आहे, फलाट आहे, सिग्नल आहे, पाटी आहे. तेथे करायचे फक्त वेळापत्रक आहे.

आमचे वेळापत्रक असे. सकाळी एक गाडी बल्लारशाहहून निघावी, आणि ताडाळी, भांदक, माजरी, वरोरा, चिकणी रोड, नागरी, हिंगणघाट, सोनेगाव, भुगाव अशी प्रत्येक ठिकाणी थांबत साडेनऊच्या आत सेवाग्राम-वर्ध्याला पोचावी, म्हणजे कॉलेज, कचेरी आणि दवाखान्याची चिठ्ठी सापडते. त्याच वेळी दुसरी गाडी वर्ध्याहून खाली चंद्रपूरकडे निघावी. संध्याकाळी साडेपाचनंतर दोन्हींनी परतावे. दुपारी एक फेरी बाजारकऱ्यांसाठी. आठवड्यातून पाच दिवस नव्हे, सातही दिवस. कारण हिंगणघाटच्या बाजाराला आणि बाळंतपणाला रविवार नसतो. भाऊबीजेच्या आठवड्यात दोन डबे जास्त लावावे, खोऱ्यातल्या निम्म्या बायकांचे माहेर याच लाईनीवर आहे. आणि मागच्या एक्सप्रेसला पुढे काढण्यासाठी या गाड्यांना वीस मिनिटांहून जास्त उभे करू नये. तिसऱ्या आणि चौथ्या लाईनीचे नवे वेळापत्रक बसवले जाईल तेव्हा हे त्यात पहिल्याने लिहावे, मालगाड्या मग मधल्या वेळात बसवाव्यात.